सतरा मार्च, हिरवा रंग आणि तुमचे किस्से

शेवंती_डब्लिन:
काल कपाट आवरताना जुन्या पासपोर्टातून वाळकं काहीतरी मांडीवर पडलं. आधी वाटलं कोथिंबिरीची काडी. मग ट्यूब पेटली. शॅमरॉक, आयर्लंडचं ते तीन पानांचं चिन्ह! २००९ च्या सेंट पॅट्रिक्स डेचं, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा १७ मार्चचा सण.

इथे डब्लिनला येऊन दोनच महिने झाले होते. नवरा तापाने आडवा, म्हणून एकटीच परेडला निघाले, हौसेने चार पानांचा हिरवा बिल्ला लावून. खाली घरमालकीण आजी भेटल्या, मूळच्या मेयो परगण्याच्या. चष्म्यावरून बिल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा कुठला पाला?" पानं तीनच हवीत, चार पानांचं ते नशीबवालं वेगळं. आत जाऊन एक इवलीशी जुडी आणली, मुळाशी ओला कापूस, आणि सेफ्टीपिनने माझ्या स्वेटरला टाचली. पॅट्रिकने त्या तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावला, अशी गोष्ट सांगितली. मी म्हटलं, आमच्याकडे बेलाला तीन पानं असतात. त्यांनी ऐकलं घंटा! पुढची पाच मिनिटं घंटेला पानं कशी फुटतात यावर चर्चा.

अजून एक गंमत. त्यांच्या तरुणपणी या दिवशी पब बंद असायचे, सणच धार्मिक ना. दारू मिळायची ती फक्त बॉल्सब्रिजच्या श्वानप्रदर्शनात. त्या दिवशी अख्ख्या डब्लिनला कुत्र्यांचं प्रेम यायचं म्हणे. १९६० नंतर कधीतरी पब उघडले.

दर मार्चात त्या बॉस्टनच्या भावाला डबीतून शॅमरॉक पाठवायच्या. ते नंतर लिहिते, कुकर झाला.

टवाळ_कार्टं:
श्वानप्रदर्शन 😂😂 आमच्या काकांना पाठवा.
पॅट्रिकने सगळे साप हाकलले म्हणे? मग नागपंचमीची पंचाईतच की.

गार्गी_के:
@टवाळ, हिमयुगानंतर तिथे साप पोचलेच नाहीत, हाकलायचे कुठून! आणि पॅट्रिक मुळात आयरिश नव्हेच. रोमन ब्रिटनमधला पोरगा, सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पळवून नेला. सहा वर्षं मेंढ्या राखल्या, पळाला, घरी पोचला आणि पुन्हा त्याच लोकांत धर्म सांगायला परत गेला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मला तर हेच सापांपेक्षा भारी वाटतं.

मालवणी_बोको:
एवढा लिवलात आणि वरदकर विसरलात? आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो माणूस! २०१७ ला आयर्लंडचा पंतप्रधान झाला, २०१९ च्या डिसेंबरात सहकुटुंब गावात येऊन गेला. या दिवशी आयर्लंडचा पंतप्रधान व्हाइट हाउसात काचेच्या भांड्यातून शॅमरॉक देतो. टीव्हीवर बघून आये म्हणाली, "आमचो झील इतक्या लांब मेथी कित्याक घेऊन गेलो?"
२०२४ ला बायडनना मेथी दिली आणि तीनच दिवसांत राजीनामा जाहीर केला. आये अजून मेथीलाच दोष देते.

नदीकाठ:
मेथी 🤣🤣
आम्ही शिकागोत. इथली नदी या सणाला हिरवी रंगवतात, सासूसासरे २०२० मध्ये खास ते बघायला आले आणि कोविडमुळे तेच रद्द. अडकले ते अडकलेच. २०२१ ला काही गाजावाजा न करता शनिवारी सकाळी रंगवली, धावत गेलो. होडीतून पावडर टाकतात ती नारिंगी असते हो, पाण्याला लागली की पोपटी. प्लंबर लोकांचं काम. सांडपाणी नदीत कुठून शिरतं ते शोधायला रंग वापरायचे, त्यातून १९६२ ला ही टूम निघाली. पहिल्या वेळी १०० पौंड ओतला, आठवडाभर नदी हिरवी.
सासरे शांतपणे म्हणाले, "आपल्या मुठेला जलपर्णी आहे, खर्च नाही."

अनामिक_खलाशी:
कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला बोट लागली होती तेव्हा सोबत मॉन्टसेराटचा एक जण होता. त्यांच्या बेटावरही १७ मार्चला सुट्टी. मला वाटलं आयरिश वंशज म्हणून. तो म्हणाला, तेही आहे, पण १७६८ साली याच दिवशी मालक लोक सणात गुंग असतील म्हणून गुलामांनी उठाव ठरवला होता. बातमी फुटली, लोकांना फाशी दिलं. त्यांची आठवण म्हणून पण सुट्टी. नंतर हिरवे टीशर्ट बघितले की तेच आठवतं.

गार्गी_के:
बापरे. हे माहीत नव्हतं.

कॉर्कची_सून:
घाईत लिहितेय, पोरीला क्लासला सोडलंय. २०२२ ला १७ तारखेला होळी आली होती, आठवतंय कुणाला? आणि १८ ला सरकारने कोविडची म्हणून एकदाच जादा सुट्टी दिली. म्हणजे धुळवडीला सरकारी सुट्टी, तीही आयर्लंडमध्ये! शेजारीण हिरवी टोपी घालून पुरणपोळी खायला आली आणि वर जॅम लावला. मी काही बोलले नाही.

टवाळ_कार्टं:
जॅम?? धागा बंद करा.

पेठेतला:
पुण्यात एम्प्रेस गार्डनजवळ सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आहे, ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी बांधलेलं. बाकी चालू द्या.

मालवणी_बोको:
शेवंतीताई, कुकर झालो काय? बॉस्टनच्या भावाचा काय झाला?

शेवंती_डब्लिन:
हो हो, आले. भाऊ पंचावन्न वर्षं तिकडेच होता, दोनदाच आला परत. त्या जानेवारीत वारला. आजींनी सवयीने मार्चमध्ये जुडी खुडली, कापूस ओला केला, डबीपण काढून ठेवली होती टेबलावर. तेवढ्यात मी तो चार पानांचा बिल्ला लावून जिना उतरले.
हे मला खूप नंतर त्यांच्या मुलीने सांगितलं.

कॉर्कची_सून:
😢
ती काडी नीट ठेव गं.

नदीकाठ:
कॉर्कताई, जॅम कुठला होता पण?