कृपा किशोरवयीन मुलांना कशी समजावून सांगावी?

प्रश्न (जालना): आमच्या ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) नववी-दहावीची मुले बायबलमधील इफिसकरांस पत्र 2:8-9 (तारण, म्हणजे पापापासून सुटका, कर्मांनी नव्हे, तर देवाच्या कृपेने, विश्वासाद्वारे मिळते) तोंडपाठ म्हणतात, परंतु परीक्षेत गुण मिळवावेत तसे चांगले वागून तारण मिळवायचे, अशीच त्यांची समजूत दिसते. काय करावे?

उत्तर (बीड): मत्तय 20 मधील येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला घ्यावा. ज्यांच्या घरचे रोजाने खुरपणीला जातात (कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून ते उदाहरण जुळत नाही), ती मुले शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण रोज मिळाल्याचे ऐकून चिडतात. त्यांना चिडू द्यावे; मालकाचे औदार्य तेथूनच उमगते.

उत्तर (लातूर): मात्र इफिसकरांस पत्रातील त्यापुढचे दहावे वचन (देवाने आपल्याला सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केले) सोडू नये. सत्कृत्ये तारणाचे कारण नव्हेत, फळ आहेत.

प्रश्नकर्ता: या रविवारी दाखल्यापासूनच आरंभ करतो.