गजकर्णाच्या गोळ्या आणि अंगावरचे फोड

वर एकांनी लिहिलंय की गजकर्णाच्या गोळ्या मेडिकलमधून घ्यायला हरकत नाही, फार तर थोडी खाज येईल. मला हे अजिबात पटलेलं नाही.

आमची काकी देवगडकडची. लावणीत दिवसभर चिखलात आणि ओल्या लुगड्यात, त्यामुळे दर पावसाळ्यात कमरेला गजकर्ण ठरलेलं. मागे तिने कुणाला न विचारता टर्बिनाफाइन ही गजकर्णाची गोळी सुरू केली. दहाव्या दिवशी ताप आला, मग मानेवर, काखेत, जांघेत लालभडक कातडीवर मोहरीएवढ्या पुवाच्या पुळ्या. "खाण्यात काय्यतरी इला असात," असं म्हणत तिने आणखी दोन दिवस गोळ्या घेतल्या! त्या दोन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी गोळी बंद केली. पुढे कातडीचे पापुद्रे निघाले, पण काकी बरी झाली.

फ्लुकोनाझोल या गजकर्णाच्या दुसऱ्या गोळीने काहींना दर वेळी नेमक्या त्याच जागी, ओठावर किंवा गुप्तांगावर, काळपट डाग उठतो.

क्वचित, पण जिवावर बेतणारा प्रकार म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, औषधाची कातडीवर उठणारी तीव्र प्रतिक्रिया. ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड, दुखणारी लाल कातडी, ती सुटू लागणं. बहुतेकदा औषध सुरू केल्यावर पहिल्या ४ ते २८ दिवसांत. असं दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका, सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्या. काकीने ती चुलीत टाकली होती.