अब्दालीची चाचणी आणि हर्णैच्या नौका

प्रश्न (हर्णै): पहलगाम हल्ल्यानंतर ३ मे २०२५ रोजी पाकिस्तानने ४५० किलोमीटर पल्ल्याच्या अब्दाली क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. अशा चाचणीची पूर्वसूचना भारताला मिळते का?

उत्तर (रत्नागिरी): भारत-पाकिस्तान यांच्यातील २००५ च्या करारानुसार भूपृष्ठावरून भूपृष्ठावर मारा करणाऱ्या, अब्दालीसारख्या बॅलिस्टिक (उंच जाऊन कमानीत खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्राची चाचणी किमान तीन दिवस आधी कळवावी लागते आणि ते सीमेपासून ७५ किलोमीटरच्या आत पडेल अशी आखणी चालत नाही, क्रूझ (विमानासारखी कमी उंचीवरून उडणारी) क्षेपणास्त्रे मात्र करारात नाहीत, आणि मला ही फट मोठी वाटते.

उत्तर (देवगड): कराची रत्नागिरीपासून हजार किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे अब्दालीची धास्ती नको. आपल्याच नौदलाच्या गोळीबार सरावासाठी कोणते क्षेत्र बंद आहे, हे मात्र तांडेलाने (मासेमारी नौकेच्या प्रमुखाने) निघण्यापूर्वी बंदरावर विचारून घ्यावे.