पहिल्यांदाच फॅन कन्व्हेन्शनला जातेय : चिलखत, सही आणि गर्दी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांनी आयुष्यातल्या पहिल्या फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या संमेलनाला जातेय. दोन दिवसांचा पास काढलाय आणि एकटीच आहे. दहा वर्षांची असल्यापासून कॉमिक्स वाचतेय, पण त्यावर मनसोक्त गप्पा माराव्यात असं माणूस आजवर भेटलं नाही. घरचे प्रेमळ आहेत, पण "अजून वाचतेस का ते?" याच्या पुढे गाडी सरकत नाही. त्यामुळे हे दोन दिवस माझ्यासाठी फार मोठे आहेत. ते हातचे जाऊ नयेत म्हणून हा धागा.

सगळ्यात जास्त अडलंय ते पोशाखावर. गेले चार महिने ईव्हीए फोमचं (हलकं, रबरासारखं लवचिक शीट) चिलखत करतेय. छाती आणि पाठ १० मिमी फोमची, दंड आणि पोटऱ्यांवरचे तुकडे ६ मिमीचे. परवा पहिल्यांदाच सगळं अंगावर चढवून घरात फिरले. चाळिसाव्या मिनिटाला डाव्या खांद्याचा पट्टा सुटला. मागे चिकट थर असलेलं वेल्क्रो लावलं होतं, ते घामाने सालीसारखं सोलून निघालं आणि खांद्याची वाटी कोपरापर्यंत घसरली. शिरस्त्राणाच्या काचेवर पाच मिनिटांत वाफ धरते. शिवाय ते सगळं घालून बसता येत नाही, मांडीवरची पट्टी पोटात रुतते. हातात फोमचीच एक लांब तलवार आहे.

दुसरं म्हणजे सही. ज्या चित्रकारामुळे मी पेन्सिल हातात धरली ते तिथे येणार आहेत. लहानपणी शंभरदा वाचलेला अंक न्यायचाय. कोपरे मऊ पडलेत, मुखपृष्ठ जवळजवळ काळं आहे. सही कशाने घ्यायची? आणि समोर उभं राहिल्यावर बोलायचं काय? नुसत्या विचाराने घसा कोरडा पडतो.

तिसरं, गर्दी. दाटीवाटीत मला धडधडायला लागतं. तरी हावरटासारख्या अकरा कार्यक्रमांवर खुणा केल्यात, त्यातले चार एकमेकांवर येतात.

आणि मनातली खरी भीती : चिलखत घालून आत शिरले आणि आजूबाजूला सगळे साध्या कपड्यांत असले तर?

– चिलखतवाली

*

रांगेतला :

चिलखतवाली, आधी त्या शेवटच्या भीतीबद्दल. १९३९ मध्ये न्यू यॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, वर्ल्डकॉन. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे चाहते भविष्यातले वाटतील असे कपडे घालून आले. ते कपडे मर्टलने स्वतः शिवलेले होते. बाकी सगळे साध्या पोशाखात. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात लोक वेषभूषा करून येऊ लागले. म्हणजे एकट्याने पोशाख घालून जाणं हीच या प्रकाराची सुरुवात आहे. आज तर कुठल्याही कन्व्हेन्शनच्या दारात तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत दहा पोशाख दिसतील. बिनधास्त जा.

आता वेळापत्रक. अकरातल्या आठ खुणा पुसा. मी माझ्या पहिल्या खेपेला एकही खूण पुसली नव्हती आणि दोन दिवस नुसता एका दारातून दुसऱ्या दारात पळत होतो. तो काळ आठवला की अजून वाईट वाटतं, कारण मला आवडणारा माणूस एका लहान खोलीत तास-दीड तास बोलून गेला आणि मी तेव्हा भलत्याच रांगेत उभा होतो. दिवसाला एक गोष्ट ठरवा, जी चुकली तर रुखरुख लागेल. तिच्याभोवती बाकीचं बसवा. तुमच्या बाबतीत ती गोष्ट सही आहे, तुम्ही लिहिलंय त्यावरून स्पष्ट दिसतंय.

रांगेचं गणित वेगळं असतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगो कॉमिक-कॉन या मोठ्या कन्व्हेन्शनचं 'हॉल एच' नावाचं दालन साडेसहा हजारांच्या आसपास माणसं सामावतं, तरी लोक आदल्या रात्रीपासून बाहेर बसतात. तुमचं कन्व्हेन्शन एवढं मोठं नसेल, पण तत्त्व तेच : मोठ्या नावाच्या कार्यक्रमाला लागणारा वेळ म्हणजे कार्यक्रमाचा तास अधिक रांगेचे तास. एक गोष्ट आधीच विचारून ठेवा : दोन कार्यक्रमांच्या मध्ये दालन रिकामं करतात का? करत नसतील तर आधीच्या कार्यक्रमाला जाऊन बसलेला माणूस उठत नाही, आणि तुम्ही वेळेवर पोचूनही बाहेर राहता.

६-२-१ हे पाठ करा. रोज किमान सहा तास झोप, दोन वेळा नीट जेवण, एकदा आंघोळ. जुने लोक ५-२-१ म्हणतात, म्हणजे झोप पाच तास. दुसऱ्या दिवशी दुपारी भोवळ येऊन बसलेली माणसं मी पाहिलीत, आणि दर वेळी कारण हेच : रात्री जागरण, सकाळी पोटात काही नाही, अंगावर जड पोशाख. पाण्याची बाटली सोबत हवीच.

मोबाइलवर विसंबू नका. एका इमारतीत एवढे फोन आले की नेटवर्क रडतं. पास, नकाशा, वेळापत्रक आधीच उतरवून ठेवा, शक्य तर कागदावरही. पॉवर बँक घ्या. बूट नवे नकोत.

*

कात्रीकाम :

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी फक्त चिलखताचं बोलते.

चिकट वेल्क्रो काढून टाका, सगळीकडचं. अंगाची ऊब आणि घाम लागला की तो डिंक सुटणारच, तुमच्या हातात काही दोष नाही. नायलॉनची पट्टी घ्या. फोमची आतली बाजू सँडपेपरने खरखरीत करा. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह (दोन्ही बाजूंना लावून मग जोडायचा डिंक) फोमला आणि पट्टीला, दोन्हीकडे पातळ लावा आणि थांबा. इथेच सगळे घाई करतात. बोट लावल्यावर चिकटायचं थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, हात लावायचा नाही. मग एकदाच नेमकं बसवून जोरात दाबा, कारण नंतर सरकवता येत नाही. वरून त्याच फोमचा चौकोनी तुकडा चिकटवून पट्टीचं टोक झाका. खिडक्या उघड्या ठेवा, त्या वासाने डोकं धरतं. टोकांना प्लॅस्टिकचं बकल लावा. ज्या जागी ताण येतो तिथे इलॅस्टिक घातलं तर हात वर करताना खांदा उचलला जाणार नाही.

मांडीची पट्टी : अखंड आहे ना? तिचे दोन तुकडे करा आणि मागून इलॅस्टिकने जोडा. बसलात की दुमडेल, उभ्या राहिलात की जागेवर येईल.

काचेची वाफ : भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब आतून चोळा, सुकू द्या, मऊ फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसा. काही तास निभावतं. पक्का उपाय म्हणजे शिरस्त्राणात ५ व्होल्टचा छोटा पंखा बसवून त्याची वायर पॉवर बँकला जोडायची. पंख्याने आतली हवा बाहेर फेकली पाहिजे, म्हणून मागच्या बाजूला, केसांच्या वर बसवा. आणि हनुवटीखाली हवा आत यायला फट हवी, नाहीतर पंखा नुसता घोंघावतो.

तलवारीचं मात्र आजच बघा. आयोजकांच्या नियमांत 'प्रॉप' (पोशाखासोबत हातात धरायची वस्तू) किंवा 'शस्त्र' असं पान असतं. लांबीची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. धातूचं पातं जवळपास कुठेच चालत नाही, फोम बहुतेक ठिकाणी चालतो. २०१७ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या कॉमिककॉनमध्ये एक माणूस खऱ्या बंदुका घेऊन आत शिरला, त्याला पकडलं आणि तिथे त्यानंतर शस्त्रासारख्या दिसणाऱ्या वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून इतरही आयोजक सावध झालेत. दारात तपासणी असते, वस्तू पाहून तिला रंगीत फीत किंवा झिप टाय (ओढून घट्ट होणारी प्लॅस्टिकची पट्टी) बांधतात. ती दोन दिवस सोडायची नाही. म्यान असेल तर पात्यासकट बांधून देतात.

पिशवीत हे ठेवा : सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सुपरग्लू, चार झिप टाय, छोटी कात्री. आणि घरी चाळीस मिनिटं नाही, सलग चार तास घालून बघा. जिने चढा. स्वच्छतागृहात एकटीला काढता-घालता येतं का ते बघा. पहिल्या खेपेला कुणी हे सांगत नाही आणि मग लोक दिवसभर पाणी प्यायचं टाळतात. ते अजिबात करू नका.

*

निळीशाई :

मी आर्टिस्ट अ‍ॅलीमध्ये (चित्रकार आपली कामं मांडून बसतात ती गल्ली) टेबल लावते, म्हणजे तुम्ही ज्या बाजूला उभ्या असाल त्याच्या पलीकडून बोलतेय.

काळ्या मुखपृष्ठावर चंदेरी पेंट मार्कर. स्वतःचा न्या, झाकण लावून भरपूर हलवा, आधी रद्दी कागदावर दोन रेघा मारून शाई नीट उतरतेय ना ते बघा. नाहीतर पहिल्याच दाबाला ठिपका पडतो. सही झाल्यावर अंक लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवू नका. पेंटची शाई ओली असते, पिशवीला चिकटून सही अर्धी तिच्यावर जाते. पाच-दहा मिनिटं उघडा धरून बाजूला उभं राहा, फुंकर घालू नका. अंकामागे पुठ्ठा ठेवा, आम्लरहित मिळतो तो. मऊ कोपऱ्यांना त्याचाच आधार. तुमचं नाव कागदी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून मुखपृष्ठाला लावा, म्हणजे गोंगाटात स्पेलिंग सांगत बसावं लागत नाही.

सहीला टोकन आहे का, एका माणसाला किती वस्तू, हे आधी बघा.

काय बोलायचं : एक वाक्य. खरं असलेलं आणि नेमकं. "तुमचं काम फार आवडतं" दिवसातून शंभरदा ऐकू येतं, तेही गोडच लागतं. पण एकदा एका मुलाने माझ्या चित्रातल्या कोपऱ्यातल्या मांजरीबद्दल विचारलं होतं, ती प्रत्येक पानावर का आहे म्हणून. चार वर्षं झाली, चेहरा आठवत नाही, प्रश्न लख्ख आठवतो. तुमच्या त्या अंकात असं एखादं पान असेलच. तेवढं सांगा. घसा कोरडा पडला तर चिठ्ठीवर लिहून न्या, चिठ्ठी दिलेलीही चालते. खरंच.

आणि त्या मोठ्या टेबलावरून निघालात की आमच्या गल्लीत या. १९७५ च्या डिसेंबरमध्ये टोकियोत पहिलं कॉमिकेट, म्हणजे चाहत्यांच्या कॉमिक्सचा बाजार, भरलं तेव्हा ३२ गट आपापली स्वतः छापलेली पुस्तकं घेऊन बसले होते आणि सातशेच्या आसपास माणसं आली होती. आता तिथे लाखांनी येतात. तो सगळा डोलारा असल्याच लहान टेबलांवर उभा आहे. काही विकत घ्यायलाच हवं असं नाही. चित्रांबद्दल बोला. तुम्ही शोधताय ती गप्पा मारणारी माणसं रांगेत भेटतील किंवा इथे भेटतील. फोटो मात्र चित्रांचे न विचारता काढू नका. तुम्ही स्वतः चित्र काढत असाल तर वही आणा!

*

चिलखतवाली :

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. निळीशाई, ते एक पान आहे. पावसात उभ्या असलेल्या म्हातारीच्या छत्रीवरची ठिगळं त्यांनी एकेक करून काढलीत. मी ती दहाव्या वर्षी मोजली होती. सतरा आहेत. तेवढंच सांगेन.

वही आहे, पण दाखवायचं धाडस होईल का माहीत नाही.

एक राहिलं. पोशाखात असताना कुणी फोटो मागितला तर नाही म्हटलं तर चालतं का? आणि गर्दीचं काय करू?

*

साधीवही :

गर्दीचं मी सांगते, मला तुमच्यासारखंच होतं.

नकाशावर 'शांत खोली' आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी असते. नसेल तर दालनांपासून लांबचा जिना नाहीतर बाहेरचा कट्टा हेरून ठेवा, पोचल्या पोचल्या, धडधड सुरू व्हायच्या आधी. शिरस्त्राण हातात धरून फिरलात तरी पोशाख पोशाखच राहतो. इअरप्लग खिशात ठेवा. दार उघडण्याच्या वेळी सगळे एकदम आत घुसतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास उशिरा गेलात तर बिघडत नाही (सहीचं टोकन तेव्हाच वाटत असतील तर गोष्ट वेगळी). पहिला दिवस साध्या कपड्यांत काढा, जागा पायाखालून घाला, सही घ्या. चिलखत दुसऱ्या दिवशी. नाहीतर त्या जाड हातमोज्यांत अंक धरणार कशा?

फोटोला नाही म्हणता येतं, कारण न देता. न्यू यॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये दारातच मोठे फलक लावले होते, "कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे" अशा अर्थाचे (कॉस्प्ले म्हणजे पात्राचा पोशाख करणं). आता बहुतेक ठिकाणी हा लिखित नियम आहे. कुणी न विचारता हात लावला, मागे लागला, तर सरळ स्वयंसेवकाला गाठा. तुम्हीही दुसऱ्याचा फोटो विचारूनच काढा, आणि वाटेच्या मध्ये नको, भिंतीकडे सरकून.

*

रांगेतला :

साधीवहीचा पहिल्या दिवशी साध्या कपड्यांचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा चांगला आहे. तेच करा. परतल्यावर दोन-तीन दिवस सर्दी-खोकला होतो बऱ्याच जणांना, त्याला 'कॉन क्रड' म्हणतात. रांगेत मास्क, जेवणाआधी हात धुणं, एवढं केलंत तरी पुष्कळ.

*

चिलखतवाली :

काल सलग चार तास घालून पाहिलं. पट्टे टिकले. कात्रीकाम, दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले होते. मांडीची पट्टी दुभागल्यावर खुर्चीत बसता आलं, जिना चढता आला. पाठीचं बकल एकटीला लागत नव्हतं, ते कुशीला आणलंय. पंखा उलटा बसवला होता, तोंडावर वारा येत होता पण काच धुरकटच. फिरवून बसवला तेव्हा काच निवळली.

नियम वाचले. माझी तलवार मर्यादेपेक्षा वीत-दीड वीत लांब आहे. आधी वाईट वाटलं, मग टोकाजवळ कापून मध्ये खाच केली, आता दोन तुकड्यांत नेता येते आणि पुढचं टोक घरीच ठेवणार आहे.

अकरातल्या तीन खुणा ठेवल्यात. वही पिशवीत टाकलीय.