पेपरलेस रेकॉर्डर आणि कंट्रोलरच्या रीडिंगमध्ये फरक – मदत हवी आहे

भट्टीवरचा जुना कागदी चार्ट काढून पेपरलेस रेकॉर्डर बसवलाय. के-टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) एकच, त्याच्याच वायरी भट्टीचं तापमान राखणाऱ्या कंट्रोलरला आणि तिथून पुढे रेकॉर्डरला. ९०० अंशाला रेकॉर्डर ६-७ अंश कमी दाखवतो, ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) चालू झाला की ट्रेंडवर, म्हणजे आलेखावर, अचानक उसळ्याही उमटतात.

सिम्युलेटर (थर्मोकपलसारखा सिग्नल देणारं उपकरण) लावून दोन्ही वेगवेगळे तपासले, बरोबर आहेत. केबल के-टाइपचीच, पोलॅरिटी ठीक, शील्डला एकाच टोकाला अर्थिंग. रेकॉर्डरचं बर्नआउट डिटेक्शन (थर्मोकपल तुटल्याचं ओळखणारी सोय) बंद केल्यावर फरक कमी झाला, पण मग थर्मोकपल तुटलं तर कळणार कसं?

ड्युप्लेक्स थर्मोकपल (एकात दोन सेन्सर असलेलं) शटडाऊनशिवाय बसवता येणार नाही. कंट्रोलरला ४-२० मिलीअँपिअर रीट्रान्समिशन (मोजलेलं तापमान करंटच्या रूपात बाहेर देणारं आउटपुट) आहे. तोवर तेच २५० ओहमच्या रेझिस्टरवर व्होल्टेज म्हणून घेऊन रेकॉर्डरवर लॉग केलं, तर ऑडिटर स्वतंत्र नोंद म्हणून मान्य करतात का?