मे महिन्यातली सेव्हन-अ-साइड: उन्हाचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न: मंडळ कार्यकर्ता
पेठेतल्या मंडळाची सेव्हन-अ-साइड फुटबॉल स्पर्धा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. १६ संघ, बाद पद्धत, म्हणजे १५ सामने. मैदान मातीचं, सावली अजिबात नाही. आजवर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असे सलग दोन दिवस घ्यायचो. पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून मे सुटत नाही आणि आता दुपारी मोबाईलवर ३८-३९ दिसतं. शिवाय १४ वर्षांखालच्या पोरांचे दोन प्रदर्शनी सामनेही आहेत. काय बदलायचं?

पंच, मंगळवार पेठ
भावा, आधी दोनाचे तीन दिवस करा. सामना १५-१५ मिनिटांचा ठेवा. मध्यंतर, पाणी, संघबदल धरून एकाला ४५ मिनिटं लागतात. सकाळी ६:३० ते ९:३० चार, संध्याकाळी ५:३० ते ८:३० चार. पहिल्या दिवशी पहिल्या फेरीचे आठही सामने होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्यपूर्वचे चार, संध्याकाळी उपांत्य फेरी. अंतिम सामना तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकटा. हे दोन दिवसांत कोंबलं तर अंतिम फेरी गाठणारा संघ दुसऱ्या दिवशी तीन सामने खेळतो, आणि तिसऱ्या सामन्यातच पोरं कोसळतात.

सातनंतर दिवे लागतील, ते आधीच ठरवा. १४ खालच्या पोरांचे सामने तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर घ्या, ती वेळ मोकळी आहे. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची मुभा द्या. हा नियम फुकटचा आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. खेळाडूंच्या बाकांवर पत्रा नको, तापलेला पत्रा डोक्यावर भट्टी होतो. हिरवं शेडनेट दोन थरांत, मध्ये वीतभर पोकळी ठेवून बांधा. संध्याकाळसाठी पश्चिमेची बाजूही झाका, तिरपं ऊन तिकडूनच आत येतं.

हवामान-निरीक्षक
वेळापत्रक बरोबर आहे, पण मोबाईलचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. मैदानावर 'वेट बल्ब ग्लोब' तापमान बघा: ०.७ × ओला थर्मामीटर (टोकाला ओली वात गुंडाळलेला) + ०.२ × काळा गोळा (काळ्या पोकळ गोळ्याच्या आतला थर्मामीटर) + ०.१ × कोरडा (साधा, हवेचा). हवा ३७, ओला २४, गोळा ५२ असेल तर उत्तर ३०.९. आता वळीव पडून गेल्यावरची संध्याकाळ घ्या: हवा ३२, ओला २७, गोळा ३४, उत्तर २८.९. हवा पाच अंशांनी उतरली, शरीरावरचा ताण फक्त दोन अंशांनी, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून "गार वारं सुटलंय, पूर्ण वेळ खेळवा" म्हणू नका. गडगडाट ऐकू आला तर मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

फिफा याच मापाने ३२ च्या वर प्रत्येक हाफमध्ये कूलिंग ब्रेक घ्यायला सांगते, पण तो आकडा सरावलेल्या व्यावसायिकांचा. हौशी संघांसाठी माझं मत: २८ पासून दर हाफमध्ये दोन मिनिटांचा ब्रेक, ३० ला पोरांचे सामने बंद, ३२ ला सगळेच.

तयार मीटर मिळाला तर उत्तम. घरी करायचं झालं तर गोळा १५० मिलिमीटरचा, बाहेरून बिनचमकीचा काळा हवा. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून वापरला तर वाऱ्याने तो लवकर निवतो, आकडा कमी येतो आणि फसगत होते. ओल्या थर्मामीटरची वात सुकली की उलट, आकडा खोटाच चढतो. सगळं मैदानातच, कमरेएवढ्या उंचीवर उन्हात ठेवा, २५ मिनिटं स्थिरावू द्या, मग वाचा.

प्रथमोपचार शिकवणारा
उष्माघाताची तयारी नसेल तर बाकीचं अपुरं आहे. ताडपत्री, १२० लिटर पाणी आणि ३० किलो बर्फ मैदानाशेजारी हवा. लादी आणली तर सामन्याआधीच फोडून ठेवा. आयत्या वेळी फोडण्यात दहा मिनिटं जातात.

खेळाडू बरळतोय, झोकांड्या खातोय, ओळखत नाही: उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून सोडू नका, खेळताना झालेल्या उष्माघातात बहुतेकदा घाम असतो. एकाने १०८ लावायचा. बाकीच्यांनी खेळाडूला ताडपत्रीवर घेऊन चारी कडा उचलून धरायच्या, पाणी-बर्फ ओतून हलवत राहायचं. एकाचे हात डोक्याखाली, तोंड पाण्याबाहेर. १०-१५ मिनिटं, किंवा थंडीने थरथर सुटेपर्यंत. आधी गार करा, मग गाडीत घाला. रिक्षात टाकून दवाखाना गाठण्यात मोलाची मिनिटं जातात. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, आणि नाकाला कांदा लावण्यात वेळ घालवू नका. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका.

आणि खेळाडूंना आजपासून उन्हाची सवय करू द्या. दहा ते चौदा दिवस लागतात, सुरुवातीला निम्माच सराव. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्याला खेळवू नका.

मंडळ कार्यकर्ता
तीन दिवसांचं आज बैठकीत मांडतो. पाण्यात काय द्यायचं? दरवर्षी ग्लुकोजची पावडर असते.

प्रथमोपचार शिकवणारा
त्यात मीठ नसल्यातच जमा असतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा. ग्लासभर पाण्यात ओतलं तर उलटी आणि जुलाब होतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेलं पातळ ताक किंवा कोकम सरबत दोन सामन्यांच्या मध्ये चालेल. ब्रेकला १५०-२०० मिली पुरे. नुसतं पाणी लिटरने ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेततं. कूलरला एकच ग्लास साखळीला बांधू नका, रांग लागते आणि निम्मे खेळाडू तहानलेलेच मैदानात परततात.