मदत हवी आहे : मुलगी जर्मनीत आल्यापासून शाळेत बोलत नाही

घाटमाथा
नमस्कार. माझी मुलगी ऑगस्टअखेरीस भारतातून आमच्याकडे राहायला आली. सप्टेंबरच्या मध्यात शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून तिने वर्गात एकही शब्द उच्चारलेला नाही. घरी आली की ती खिडकीशी उभी राहते आणि इथली सगळी माणसे कुठे गेली, असे विचारते. पहिल्या रविवारी दुकाने बंद आणि रस्ते ओस पाहून तिने मला "आज कोण वारलं?" असे विचारले, कारण आमच्या गावात कोणी मोठे माणूस गेले तरच बाजारपेठ बंद राहते. आता दुपार सरते न सरते तोच अंधार पडतो, त्याचीही तिला भीती वाटते. तिला लवकर बोलते करण्यासाठी जर्मनची खासगी शिकवणी लावावी का? "वेळ द्या" एवढेच कृपया सांगू नका, ते ऐकून आम्ही थकलो आहोत.

कौलारू
मुलीचे वय, इयत्ता आणि तुमचे राज्य यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. नव्याने आलेल्या मुलांसाठी बर्लिनमध्ये 'विलकोमेन्सक्लासे' असते, बायर्नमध्ये 'डॉइचक्लासे' आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये 'फोरबेराइटुंग्सक्लासे'. ती अशा वर्गात आहे की थेट नेहमीच्या वर्गात, हे कळल्याशिवाय शिकवणीबद्दल काय सांगणार?

उत्तरायण
मुलाला आईवडिलांकडे आणताना तो १६ वर्षांच्या आत असेल, तर व्हिसासाठी भाषेच्या परीक्षेची अट नसते. मोठ्या मुलाबाबत नियम कडक आहेत, त्यामुळे ज्यांचे अर्ज अजून व्हायचे आहेत त्यांनी उशीर करू नये.

घाटमाथा
उत्तरायण, ती येऊन पोहोचलेली आहे, व्हिसाचा प्रश्न नाही. कौलारू, ती आठ वर्षांची आहे, तिसरीत आहे, आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो आणि ती फोरबेराइटुंग्सक्लासेमध्ये जाते. गावी ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत होती आणि वर्गात सर्वांत आधी हात वर करणारी मुलगी म्हणून बाई तिचे कौतुक करत. इथे चौथीनंतर मुलांची गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशूले (व्यवसायशिक्षणाकडे झुकणारी शाळा) अशी विभागणी होते, म्हणून मला घाई आहे.

हडसनकाठ
आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मुलगा साधारण याच वयाचा होता. आम्ही घरात मराठी पूर्ण थांबवून फक्त इंग्रजी बोलू लागलो आणि वर्षभरात तो शाळेत रुळला. आपणही घरात जर्मन सुरू करावी. मराठी नंतर शिकवता येते. आमच्याकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा त्यासाठीच आहेत.

पाटीपेन्सिल
या सल्ल्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. मी जर्मनीत परदेशातून आलेल्या मुलांना शिकवते. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर कित्येक मुले काही महिने केवळ ऐकतात. या मौनकाळात ती शिकतच असतात. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे की रोजच्या बोलण्याची भाषा यायला साधारण दोन वर्षे लागतात आणि अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात. आईवडिलांनी स्वतःच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली, तर ज्या एका भाषेत मुलगी आपले दुखणे सांगू शकते, तीही तिच्या हातून जाईल.

हडसनकाठ
आपण पुस्तकातले सांगत आहात, मी माझ्या घरातले सांगतो आहे. माझा मुलगा आज उत्तम शिकतो आहे.

पाटीपेन्सिल
त्याचा मला आनंदच आहे, पण तो आजीशी मराठीत बोलू शकतो का, हेही आपण लिहावे.

कौलारू
घाटमाथा, मुख्य गोष्ट अजून कळली नाही. ती शाळेत बोलत नाही, पण घरी बोलते का? आणि आपण इथे असताना ती गावी कोणाकडे होती?

घाटमाथा
याचा शाळेशी संबंध आहे असे मला वाटले नव्हते. नोकरीसाठी आम्ही दोघे आधी इथे आलो आणि ती पाच वर्षांची असल्यापासून माझ्या आईजवळ सातारा जिल्ह्यात वाढली. धाकटा मुलगा इथेच जन्मला, तो किंडरगार्टनमध्ये जातो. त्याच्याशी ती भरपूर बोलते, आमच्याशी विचारले तेवढेच. तिला इथे वेगळी खोली दिली आहे, पण ती भावाच्या खोलीत जाऊन झोपते. फोनवर आजीशी मात्र तासभर बोलत असे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली आणि भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचारचा झाला. ती शाळेतून चारला घरी येते, तेव्हा तिकडे साडेआठ झालेले असतात आणि आई नऊला झोपते. मुलगी म्हणते, "आजी आता लवकर झोपायला लागली."

माजघर
ताई, हे वाचून मला राहवले नाही. मीही लहानपणी आजोळी राहिले आहे. तुमची मुलगी देश बदलून आली आहे तशीच ती एका आईकडून दुसऱ्या आईकडे आली आहे, आणि तिच्या लेखी आजी दूर चालली आहे. शिकवणीआधी फोनची वेळ बदला. सकाळी सातला तुमच्याकडून फोन केला तर तिकडे साडेअकरा वाजलेले असतील, स्वयंपाक आटोपलेला असेल. आजीशी बोलून ती शाळेत जाईल. घड्याळे का मागे केली, तेही तिला सांगा.

कौलारू
आजींनाच बोलावून घ्या. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते.

माजघर
आणि ९० दिवसांनी आजी परत गेल्यावर? आत्ताच बोलावले तर मुलीला तोच विरह दुसऱ्यांदा सोसावा लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिलाच गावी न्यावे.

उत्तरायण
मला वाटते बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. काही मुले घरी बोलतात आणि शाळेत मुळीच बोलत नाहीत, तो एक आजार असतो.

पाटीपेन्सिल
त्याला निवडक मौन म्हणतात आणि ते गंभीर आहे, पण नवी भाषा शिकणाऱ्या मुलाबाबत ते निदान घाईने करत नाहीत. ती मधल्या सुट्टीत खेळते का, खुणांनी उत्तर देते का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. दोन्ही नसेल आणि महिने जाऊनही बदल दिसत नसेल, तर अवश्य दाखवा. आणखी एक गोष्ट, तिची गणिताची वही उघडून पाहा. इथे गुणाकाराला मध्यावर टिंब आणि भागाकाराला दोन टिंबे देतात. हुशार मुलीला ते न कळल्यास आपले सगळेच चुकते, असे वाटू लागते.

घाटमाथा
सर्वांचे आभार. वही पाहिली आणि आपण म्हणता तेच निघाले. टिंब असलेली सर्व उदाहरणे तिने कोरी सोडली होती. मी चिन्हे समजावल्यावर तिने ती तिथेच बसून सोडवली. फोन आता सकाळी करतो, आईलाही ती वेळ सोयीची आहे. वर्गशिक्षिकांनी सांगितले की मधल्या सुट्टीत ती दोन मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारते आणि बोलावले की मानेने होकार देते. शिकवणी तूर्त लावत नाही. मात्र जिथे फार बोलावे लागत नाही असे काही तिला संध्याकाळी हवे आहे. काय सुचवाल?

पाटीपेन्सिल
पोहणे. गावातल्या तरणतलावावर मुलांसाठी 'झेपफेर्डशेन' बिल्ल्याचे (नवशिक्या पोहणाऱ्यांना मिळणाऱ्या पहिल्या बिल्ल्याचे) वर्ग चालतात का ते पाहा. शिक्षक करून दाखवतात आणि मुले पाहून करतात, भाषा फारशी लागत नाही. नोंदणी लवकर करा, जागा भरलेल्या असतात. आणि पहिले काही दिवस काठावर तुम्ही स्वतः बसा.